तिसरा रकाना

हेलेना, ९ जानेवारी २००९

नडीन,

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहितो आहे. ईमेल पाठवली असती तर ती तू जशीच्या तशी उचलून तुझ्या ब्लॉगवर चिकटवली असतीस. कागद असला की निदान टंकण्याचे कष्ट पडतात, आणि धाकट्या बहिणीला एवढा व्यायाम घडवणं हे मोठ्या भावाचं कर्तव्य आहे.

सप्टेंबरात बाबांना माती दिली, त्यानंतर आपण बोललेलो नाही. मात्र तुझा ब्लॉग, 'पायरीवरून', मी रोज वाचतो. विधानभवनात सगळेच वाचतात. सिनेटर मंडळी सकाळी आधी तुझं पान उघडतात, आपलं नाव त्यात नाही याची खात्री करतात आणि मगच कॉफी ओततात. इतकी सत्ता तर राज्यपालांकडेही नाही.

तुझा तो 'आमच्या घरातला बोका' नावाचा लेख मला पाठ आहे. पैसे घेऊन आमदारांची मनं वळवणारा लॉबिस्ट भाऊ सिनेटरांना एल्क हरणाच्या मांसाचं जेवण घालतो, मिशा चाटतो, वगैरे. उपमा ठीक होती. पण शेवटी तू बाबांचं वाक्य टाकलंस, बुट्टच्या इस्पितळातल्या खाटेवरून बोललेलं: "लोवेलने जीभ भाड्याने दिलीय." नडीन, मी त्याच आठवड्यात दोनदा त्यांच्या उशाशी बसून आलो होतो. मला ते खाणीतल्या घोड्यांविषयी सांगत राहिले. माझ्याविषयीचं त्यांचं शेवटचं मत मला तुझ्या अकरा हजार वाचकांबरोबर समजलं. मी अकरा हजार एकावा होतो.

असो. आता कामाचं. या अधिवेशनात सिनेटर ऑर्विल स्टेनेरूड एक विधेयक आणताहेत. 'आमदाराला फोन करा' असं जो कोणी पैसे घेऊन लोकांना सांगेल, त्याने लॉबिस्ट म्हणून नोंदणी करायची आणि कोणाकडून काय मिळालं ते जाहीर करायचं. जो कोणी म्हणजे ब्लॉग लिहिणारेसुद्धा. कल्पना आपली आहे असं स्टेनेरूड समजतात. ती माझी आहे.

मी एखाद्या सिनेटरला डोनट खाऊ घातला तरी त्याचा फॉर्म भरतो. माझ्या गळ्यात बिल्ला आहे, पालिकेच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा. तू गेल्या अधिवेशनात एका परिच्छेदाने तीनशे फोन करवलेस, समितीच्या कारकून बाईंनी शेवटी रिसीव्हर काढून ठेवला. तुझ्या गळ्यात काय आहे? बाबांचा मफलर.

तू म्हणशील, मी कोणाचा पैसा घेत नाही. तुझ्या पानाच्या माथ्यावर ते ठळक अक्षरांत आहेच: 'या पानाला मालक नाही.' उत्तम. मग तुला या कायद्याची भीती कसली? खाई त्याला खवखवे.

लोवेल ट्रेम्बाथ
(परवाना असलेला)


हेलेना, २८ जानेवारी

नडीन,

टंकलंस अखेर. 'बोका पत्र लिहितो' हा मथळाही वाईट नाही. डोनटाचा परिच्छेद मात्र गाळलास, कारण त्यात मी बरोबर होतो.

संस्कृतच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं तसं मी तुझं उत्तर वाचलं: आधी समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्याहून चांगला मांडायचा, मग तो मोडायचा. (माहीत आहे. "मेलेल्या भाषेतली पदवी आणि नोकरी जिवंत आमदारांची", हा विनोद बाबांनी तेवीस वर्षं केला.) तर तुझा पूर्वपक्ष असा: एकटी बाई, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिणारी. तिच्याकडे वकील नाही. एक फॉर्म चुकला की दंड. दोनदा दंड झाला की ती लिहिणं सोडेल, आणि बड्या लोकांना तेच हवंय. दुसरं म्हणजे वर्तमानपत्राचा संपादक 'फोन करा' म्हणाला तर तो अग्रलेख आणि मी म्हणाले तर ती लॉबी, हे कसं? माझ्याकडे छापखाना नाही म्हणून?

दुसरा मुद्दा मला आवडला, म्हणून त्याचं उत्तर देत नाही.

पहिल्याचं देतो. एकटी बाई लिहिते हे ती तसं सांगते म्हणून सिद्ध होत नाही. उद्या एखादी तेल कंपनी दहा स्वयंपाकघरं भाड्याने घेईल, दहा टेबलं मांडेल, दहा एकट्या बायका बसवेल. वाचकाला कळायचं कसं, कोणती खरी? टेबल तर सारखंच दिसतं.

काल विधानभवनाच्या तळघरात विनिफ्रेड कोसोलाकडे जाऊन आलो. विधेयकांचे मसुदे तीच लिहिते, आणि तिच्याइतकी नेमकी बाई मी व्याकरणाच्या वर्गातही पाहिली नाही.

"पैसे घेऊन म्हणजे थेट घेऊन, की आडून?" तिने पेन्सिल वर करून विचारलं.

"दोन्ही. कोणाच्याही मार्फत."

"आणि मूळ देणारा कोण, हे घेणाऱ्याला माहीत असायला हवं? 'जाणूनबुजून' घालू का?"

"मुळीच नको. मला माहीत नव्हतं असं सगळेच म्हणतात. ती पळवाट होईल."

"लोवेल, फार रुंद होतंय हे."

"रुंदच हवंय."

"कोणावर एवढा राग आहे?"

"कलमावर लक्ष दे."

व्याख्येचे दोष आम्हाला गायीवरून शिकवायचे. गाय म्हणजे तांबूस जनावर म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ती अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगांचं जनावर म्हटलं तर म्हैसही दावणीला येते, ती अतिव्याप्ती. मी विनिफ्रेडला म्हटलं, एखादी म्हैस आली तरी चालेल, पण माझी ती एक गाय सुटता कामा नये.

तू कोणत्या रंगाची, ते तुझं तू ठरव.

लोवेल


हेलेना, १७ फेब्रुवारी

नडीन,

रविवारचा मधमाश्यांवरचा लेख वाचला. बागांवर आणि शेतांवर फवारणी करण्याआधी शेजारच्या मधपाळाला कळवलं पाहिजे, हे विधेयक चांगलं आहे असं तू लिहिलंस. 'मधमाश्यांना मत नाही, तुम्हाला आहे, उचला फोन.' मधपाळ संघ माझा पक्षकार आहे हे तुला ठाऊकच होतं, म्हणून पुढे जोडलंस: 'या एका बाबतीत बोक्याचे पक्षकार बरोबर आहेत. बोका नव्हे.' सोमवारी चारशेबारा फोन आले. कारकून बाईंनी मोजले आणि पुन्हा रिसीव्हर काढून ठेवला.

मी तुझे आभार मानायला हवेत. मानत नाही.

एक किरकोळ गोष्ट. तुझ्या पानाच्या उजव्या बाजूला ती एकच जाहिरात असते, अस्वलछाप मधाची. ते अस्वल दर दोन सेकंदांनी डोळा मिचकावतं. फार कुरूप आहे, नडीन. गंभीर लिखाणाशेजारी शोभत नाही. काढून टाक ते. आजच काढलंस तर बरं. केवळ सौंदर्यदृष्टीने सांगतो आहे.

आणि दुसरी गोष्ट: सुनावणी बारा मार्चला आहे. तू साक्षीला येणार असं लिहिलं आहेस. येऊ नकोस. बुट्टचा घाट त्या दिवसांत निसरडा असतो आणि तुझ्या गाडीचे टायर मी पाहिले आहेत. तुझं म्हणणं लेखी पाठव, समिती वाचेल. (वाचणार नाही, पण ते तुझं नेहमीचंच दुःख आहे.)

विधेयकात थोडा बदल करता येईल का, ते बघायला मी काल विनिफ्रेडकडे गेलो होतो. 'जाणूनबुजून' हा शब्द, तो एक शब्द, मागे घालता येईल का म्हणून.

"तूच नको म्हणालास ना?" ती म्हणाली.

"माणसाचं मत बदलतं."

"मत बदलतं की गाय बदलते?"

तिने मला स्टेनेरूडांकडे पाठवलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली: "ट्रेम्बाथ, पळवाट नको हे तुमचंच वाक्य! मी ते भाषणात घातलंय. बायकोला वाचून दाखवलं, तिलाही आवडलं." ज्या वाक्याला सिनेटरांच्या बायकोची पसंती मिळाली, ते आता ब्रह्मदेवालाही खोडता यायचं नाही.

तर येऊ नकोस, आणि अस्वल काढ.

लोवेल


हेलेना, ३ मार्च

नडीन,

अस्वल अजून आहे. वर तू माझं पत्र छापून जाहीर केलंस: 'बोक्याला आता माझ्या जाहिरातीही खुपू लागल्या. यापुढे कोणत्याही लॉबिस्टचं बंद पाकीट मी उघडणार नाही. आलं तसं परत जाईल.' टाळ्या पडल्या. एकशेचाळीस प्रतिक्रिया. मीही मोजल्या.

सरळ सांगतो, कारण वळणं घेऊन आता कुठे पोचत नाही.

अस्वलछाप मधाचं दुकान मधपाळ संघाचं आहे. तुझ्या पानावर ती जाहिरात मी लावली.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तुझ्या वर्तमानपत्राने तुला नारळ दिला. तू बाबांना फोनवर म्हणालीस, थंडीपर्यंत चालवीन, मग ब्लॉग बंद, कुठेतरी गल्ल्यावर बसेन. बाबांनी ते मला सांगितलं. मुद्दाम सांगितलं की बोलता बोलता, ते आता विचारायची सोय नाही. माझ्याकडून तू मांस भरलेली एक पेस्टीसुद्धा घेतली नसतीस. म्हणून मी मधपाळांना सांगितलं की या बाईचे वाचक मध खाणारे आहेत. ते खरंही निघालं, मध खपला. तेव्हा तू मधमाश्यांवर एक ओळ लिहिली नव्हतीस आणि लिहिशील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. दुकान, जाहिरात, मध: यात जाहीर करण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मी लॉबिस्ट आहे, मला पटवणं सोपं जातं.

पण त्या रविवारी तू फोन करायला सांगितलंस, आणि त्या क्षणी सगळ्याची जात बदलली. माझ्या पक्षकाराचा पैसा, तुझं पान, माझ्या पक्षकाराचं विधेयक. आता मीच लिहून घेतलेलं कलम वाच. थेट वा कोणाच्याही मार्फत. माहीत असो वा नसो. त्या दावणीत तू बसतेस, नडीन. अगदी बेतून शिवल्यासारखी. तू पैसे घेऊन फोन करवलेस, या दाव्यात एकही खोटं अक्षर नाही, आणि तू एकही खोटं अक्षर लिहिलेलं नाहीस.

संस्कृतात एक न्याय आहे, घट्टकुटीप्रभात. जकात चुकवायला गाडीवान रात्रभर आडवाटांनी गाडी हाकतो, आणि उजाडतं तेव्हा बरोबर जकातनाक्याच्या दारात उभा असतो. वर्गात आम्ही त्या गाडीवानाला फार हसलो होतो.

त्या पानाच्या माथ्यावरचं वाक्य खोटं ठरतंय, ते माझ्यामुळे. बारा तारखेच्या आधी अस्वल काढ, वाचकांना तुझ्या शब्दांत सांग आणि माझ्यावर हवं ते लिही. बोका कमी पडत असेल तर दुसरं जनावर शोध.

तुला समितीपुढे उभं राहून ते वाक्य म्हणायचं नाही, एवढंच बघ.

लोवेल


हेलेना, १३ मार्च

नडीन,

हे पाकीट चिकटवलेलं नाही. तुझा नियम बंद पाकिटांपुरता आहे. आत तीन मार्चचं पत्र घातलंय, न उघडलेलं. त्यावर तुझ्या अक्षरात 'परत' लिहून मला ते दहा तारखेला मिळालं. तारखेचा शिक्का बघ. मी आधी सांगितलं होतं हे सिद्ध करायला नाही, तू नियम पाळतेस हे सिद्ध करायला.

काल जे झालं ते तुला ठाऊक आहे, पण तू त्यावर लिहिणार, म्हणून माझी बाजूही लिहून ठेवतो. उद्या दोघांची जुळवून पाहता येईल.

तू दारातल्या टेबलापाशी वाकून सही केलीस तेव्हा मी खिडकीपाशी होतो. कागदावर चार रकाने: नाव, गाव, कोणाच्या वतीने, बाजूने की विरोधात. तिसऱ्या रकान्यात तू 'स्वतःच्या' लिहिलंस आणि खाली रेघ मारलीस. मी तुझ्याकडे यायला निघालो. तू मला पाहून कारकून बाईंना मोठ्याने म्हणालीस, "इथे जनावरांना आत सोडतात का?" त्यावर तीन माणसं हसली आणि मी पुन्हा खिडकीपाशी गेलो. हे माझं चुकलं. तीन माणसांच्या हसण्याला मी घाबरलो.

तू बोललीस उत्तम. वाद माझा असता तर मी तुला पक्षकार म्हणून घेतलं असतं. संपादकाचा मुद्दा काढलास तेव्हा समितीच्या अध्यक्षा हेल्गेसन यांनी चक्क मान हलवली. मग स्टेनेरूड पुढे वाकले.

"मिस ट्रेम्बाथ, तुमच्या पानावर जाहिरात असते ना?"

"एकच असते, सिनेटर. मधाची."

"या जाहिरातदाराला एखाद्या विधेयकात रस असू शकेल?"

"मध पावाला लावतात, सिनेटर. विधेयकाला नाही."

हशा झाला. तू मफलर सारखा केलास. तुला हशा झाला की थांबवत नाही, हे मला तू सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

"नक्की?" स्टेनेरूड म्हणाले.

"माझ्या भावाला विचारा की! या इमारतीत कोण कोणाचं खातं ते त्याला तोंडपाठ आहे. माझं काही सापडलं असतं तर त्याने मला कधीच टांगलं असतं."

अध्यक्षा हसत माझ्याकडे वळल्या. "मिस्टर ट्रेम्बाथ? भगिनी तुम्हाला साक्षीला बोलावताहेत."

चालत माइकपर्यंत बारा पावलं आहेत. मी ती या इमारतीत शेकडो वेळा चाललो आहे. खोटं बोलायचं तर 'मला कल्पना नाही' एवढंच पुरे होतं, आणि ते मी कोणत्याही चेहऱ्याने म्हणू शकतो. तू सुटली असतीस. कालपुरती. मग एखाद्या मंगळवारी कोणीतरी दुकानाचं नोंदणीपत्र काढलं असतं, आणि तेव्हा लोक म्हणाले असते की दोघं भावंडं मिळून होती. आपण दोघं कशातही मिळून नव्हतो, नडीन. तेवढी एक गोष्ट तरी तुझ्यापाशी राहायला हवी होती.

"अध्यक्ष महोदया," मी म्हणालो, "ते दुकान मधपाळ संघाचं आहे. मधपाळ संघ माझा पक्षकार. जाहिरात मी लावली. या बाईंना ते माहीत नव्हतं आणि आत्ता माझ्या तोंडून समजतंय."

पुढचं तुला दिसत नव्हतं, कारण तू टेबलाकडे पाहत होतीस. स्टेनेरूडांनी हात उंचावला: "बघा! याचसाठी कायदा हवा!" अध्यक्षांनी त्याच दमात उत्तर दिलं: "बघा, याचसाठी नको. जिला ठाऊकच नव्हतं तिला दंड कोणत्या तोंडाने करायचा?" दोघं तुझ्या डोक्यावरून भांडत होते. इतकी वर्षं मी दोन्ही बाजूंना कामाचा होतो, पण एकाच वाक्याने दोघांना कामाला आलो तो काल पहिल्यांदा.

बाहेर व्हरांड्यात तू मला गाठलंस. बोलणं असं झालं:

"कधीपासून?"

"ऑगस्ट दोन हजार सात."

"म्हणजे मी बोक्यावर लिहिलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग तेव्हा बंद का नाही केलीस, मूर्खा?"

"रागात लक्षात राहिलं नाही."

"खोटं बोलतोस."

"धंदाच आहे."

"मी दोन वर्षं लोकांना छाती ठोकून सांगितलं, लोवेल. छाती ठोकून! तू मला एकदा, नुसतं एकदा विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो! नाही म्हणायचा तो माझा हक्क होता. तोही तूच खाल्लास."

याचा उत्तरपक्ष मी कालपासून शोधतो आहे.

मग तू दाराकडे परत गेलीस. मला वाटलं मफलर राहिला. तू त्या कागदाशी थांबलीस आणि पेन मागितलंस.

"बाई, एकदा लिहिलं की ते बदलत नाहीत," कारकून बाई म्हणाल्या. "ते दप्तरी जातं."

"म्हणूनच. खोटं लिहिलंय मी."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक कुठे होतं?"

"आता आहे ना? द्या पेन."

तू गेल्यावर मी तो कागद पाहिला. 'स्वतःच्या' वर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी: 'लोवेल ट्रेम्बाथच्या. मला माहीत नव्हतं.' आणि चौथ्या रकान्यात 'विरोधात' तसंच ठेवलेलं.

त्या इमारतीत शंभर वर्षांचे असे कागद आहेत. त्या रकान्यात माणसं काय काय लिहितात ते मी पाहत आलो आहे: 'संबंधित नागरिक', 'शेतकरी कुटुंबं', 'करदाते'. स्वतः लिहिलेलं कोणी परत येऊन खोडलेलं मी पाहिलेलं नाही. कोणत्याही कलमाने तुला ते करायला लावलं नव्हतं.

लोवेल


हेलेना, ४ एप्रिल

नडीन,

हेही पाकीट उघडंच आहे.

नोंदणीचं विधेयक समितीने पाच विरुद्ध चार मतांनी बाजूला ठेवलं. मधमाश्यांचं दोन मतांनी पडलं. ते चारशेबारा फोन विकत घेतलेले होते असं सभागृहात एकजण म्हणाला, आणि त्याला खोडायला कोणी उठलं नाही. मधपाळांनी मला काढलं. फवारणी मे महिन्यात सुरू होईल. हे तिन्ही माझ्या नावावर मांड. लॉबिस्टांची नोंद ठेवणाऱ्या आयुक्तांच्या कार्यालयात मी दोन वर्षांचे अहवाल दुरुस्त करून दिले आणि दंड भरला. खाई त्याला खवखवे, हे मी तुलाच लिहिलं होतं ना? तारीखही आहे.

विनिफ्रेड काल भेटली. म्हणाली, "एक शब्द होता, लोवेल. फुकट देत होते." मला अजूनही असा कायदा हवासा वाटतो, त्या एका शब्दासकट. तुला त्या शब्दासकटही नको आहे, हे तुझ्या सोमवारच्या लेखावरून कळलं. भांडू पुढच्या अधिवेशनात. तेव्हा मी कोणाच्या वतीने असेन, ते मला माहीत नाही.

अस्वल काढलंस. माथ्यावरचं 'या पानाला मालक नाही' काढून तिथे लिहिलंस: 'या पानाचा खर्च दोन वर्षं माझा भाऊ लपून चालवत होता. मी त्याच्याविषयी कधी बरं लिहिलं नाही. पुढेही लिहिणार नाही.' यात दुरुस्तीला जागा नाही.

पण आज सकाळी खाली ती दुसरी चौकट आली. दुरुस्ती. गेल्या सप्टेंबरच्या 'आमच्या घरातला बोका' या लेखात वडिलांचं वाक्य अर्धंच छापलं होतं, ते पूर्ण असं:

"लोवेलने जीभ भाड्याने दिलीय. नडीनचं बरं आहे, तिच्या जिभेला भाडेकरूच मिळायचा नाही."

आणि त्याखाली तुझे दोन शब्द. 'मिळाला होता.'

म्हणजे अर्ध्या वाक्यावर मी सात महिने जळत होतो आणि उरलेलं अर्धं तू एकटी गिळून बसली होतीस. त्यांच्या उशाशी आपण दोघं एकदम कधीच नव्हतो. असतो तर ते वाक्य दोघांना मिळून एकदाच ऐकावं लागलं असतं, आणि बाबांना हसूही आलं असतं. त्यांचे विनोद नेहमी दोघांवर मिळून असत.

अकरा हजारांपैकी आता सात हजारच वाचक उरलेत असं म्हणतात. या वेळीही मला त्यांच्याबरोबरच समजलं. मी सात हजार एकावा.

लोवेल
(कोणाच्या वतीने: स्वतःच्या)